तुकडा कापा, पण चतुःसीमा सांभाळा!

दोस्तांनो, ही गोष्ट आमच्या महागावच्या वर्गातली. उपग्रहाने टिपलेलं आपल्या भागाचं एक मोठं चित्र मी छापून आणलं होतं. भिंतीवर लावायचा अवकाश, सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला.

"सर, याच्यात आपलं महागाव कुठी हाय?"

"हे वाकडंतिकडं काय हाय, पूस नदी काय?"

"अन् माह्या मामाचं गाव?"

पूस नदीवर बोट ठेवून पोरं निघाली, ती थेट हिवरा संगमला, म्हणजे पूस जिथे पैनगंगेला मिळते तिथे जाऊन थांबली. भूगोलाचा तास असा कधी रंगला नव्हता!

पण मधल्या सुट्टीत दोन पठ्ठ्यांनी कमाल केली. माझ्या टेबलावर त्याच चित्राची दुसरी प्रत होती. तिच्यात त्यांना एक छानसं तळं दिसलं. घेतली कात्री, कापलं तळं आणि चिकटवलं वहीत! उरलेला कागद गेला कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "छान! पण हे तळं कुठलं रे?"

एक म्हणाला, "इसापूर धरणाकडचं." दुसरा म्हणाला, "नाही सर, पुसदकडचं." दोघेही डोकं खाजवू लागले. तळं हातात होतं, पण त्याचा पत्ता हरवला होता.

मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा रोज अशीच चित्रं कापतात, बरं का! फक्त त्यांची कात्री संगणकात असते आणि ती कापलेल्या तुकड्याचा पत्ता सांभाळून ठेवते. ही कात्री कशी चालते, ते आज पाहू या.

चित्र नव्हे, अंकांचा तक्ता

आधी एक गुपित सांगतो. उपग्रह आपल्याकडे रंगीत चित्र पाठवतच नाही. तो पाठवतो नुसते अंक!

उपग्रहाचा कॅमेरा जमिनीचे सारखे चौकोन पाडतो. चौकटीच्या वहीत असतात ना, तसेच. प्रत्येक चौकोनातून किती प्रकाश परत आला, ते तो एका अंकात मांडतो. अशा एका चौकोनाला 'पिक्सेल' म्हणतात. अंक मोठा असेल तर जागा उजळ, लहान असेल तर काळपट. आडव्या ओळी आणि उभे रकाने असा हा तक्ता असतो. संगणक त्या अंकांना रंग देतो, तेव्हा कुठे आपल्याला चित्र दिसतं.

हा एक छोटासा तक्ता पाहा. यातले अंक मी समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात घेतलेलं हे चित्र आहे असं समजा. हिरवी पानं हा प्रकाश भरपूर परत पाठवतात, पाणी मात्र तो बहुतेक सगळा पिऊन टाकतं. म्हणून पाण्याचे अंक लहान.

ओळ ० : ६१ ६४ ६३ ६० ५८ ६२ ६५
ओळ १ : ६३ ६६ ४१ ३९ ५७ ६४ ६६
ओळ २ : ६० ३८ ९ ८ ३७ ६१ ६३
ओळ ३ : ६२ ४० ७ ६ १० ५९ ६४
ओळ ४ : ६५ ६३ ३९ ११ ४२ ६० ६२
ओळ ५ : ६४ ६७ ६२ ६१ ६३ ६६ ६०

मोजणी शून्यापासून केली आहे, हे लक्षात ठेवा. ओळी ० ते ५ आणि रकानेही डावीकडून ० ते ६. बऱ्याच संगणक-भाषांची ही सवयच आहे.

आता सांगा, तळं कुठे आहे? २० पेक्षा लहान अंक शोधा. सापडले? ९, ८, ७, ६, १० आणि ११. म्हणजे सहा चौकोनांचं तळं!

लोणार शोधायचं तर...

खरं चित्र मात्र एवढं छोटं नसतं. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घेऊ. पुसद, वाशीम ओलांडून पश्चिमेला गेलं की बुलडाणा जिल्ह्यात लोणार लागतं. उल्का आदळून तयार झालेलं ते जगप्रसिद्ध विवर तुम्हाला माहीत आहेच. त्याचा व्यास आहे साधारण १.८ किलोमीटर.

जून २०२० मध्ये या लोणारच्या तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. 'लँडसॅट-८' या अमेरिकेच्या उपग्रहाने २५ मे २०२० ला आणि पुन्हा १० जून २०२० ला लोणारचं चित्र टिपलं होतं. पहिल्या चित्रात तळं हिरवट, दुसऱ्यात गुलाबी!

आता हिशोब करू. लँडसॅटचं एक चित्र जमिनीचा सुमारे १८५ किलोमीटर रुंद आणि १८० किलोमीटर लांब पट्टा दाखवतं. त्यातला एक पिक्सेल म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर जमीन. म्हणजे एका चित्रात सुमारे ६,००० ओळी आणि ६,००० रकाने. गुणाकार करा. ३ कोटी ६० लाख अंक! आणि हे झालं एकाच रंगाचं. उपग्रह असे अनेक रंग वेगवेगळे टिपतो.

यात लोणार केवढं? १,८०० मीटरला ३० ने भागा. जेमतेम ६० पिक्सेल! भोवतालची थोडी जागा धरली, तरी १०० ओळी आणि १०० रकाने पुष्कळ झाले. म्हणजे १० हजार अंक. ३ कोटी ६० लाखांतले १० हजार म्हणजे ३,६०० भागांतला एक भाग. एका तळ्यासाठी बाकीचे ३,५९९ भाग कशाला वागवायचे? संगणक थकतो, वेळ जातो, फाइल जड होते. म्हणून कापायचं!

आईचा सोऱ्या आणि संगणकाचं फंक्शन

कापायचं काम करतं 'फंक्शन'. घाबरू नका, फंक्शन तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. दिवाळीत आई सोऱ्या काढते. पीठ भरलं, चकती बसवली, दाबलं की शेव बाहेर! चकती बदलली की त्याच सोऱ्यातून चकली. सोऱ्या तोच, पण काय भरायचं आणि कोणती चकती लावायची, ते आपण सांगायचं.

फंक्शनचंही तसंच. चित्र भरायचं आणि कुठून कुठपर्यंत कापायचं, ते सांगायचं. तुकडा बाहेर! पायथन नावाच्या संगणक-भाषेत तर हे एका ओळीचं काम आहे:

तुकडा = चित्र[२:५, २:५]

संगणकावर हे अंक इंग्रजीत लिहावे लागतात, मांडणी मात्र हीच. स्वल्पविरामाच्या आधी ओळी सांगायच्या, नंतर रकाने. ओळी २ ते ५, रकाने २ ते ५. आपल्या तक्त्यातून काय निघेल?

९ ८ ३७
७ ६ १०
३९ ११ ४२

आलं का तळं अलगद बाहेर? ४२ अंकांतले फक्त ९ अंक घेतले आणि त्यातला एकही बदलला नाही. फोनवरच्या फोटोत आणि यात हाच मोठा फरक. फोनवर फोटो कापून, रंग उजळून, कुणाला पाठवला की त्यातले अंक बदलतात. वाढदिवसाच्या फोटोला ते चालतं. पण शास्त्राच्या कामात अंक हाच पुरावा असतो. तो जसाच्या तसा राहिला पाहिजे.

एकाची चूक, तळं आटलं!

इथे तुमच्यातल्या एखाद्या हुशार पोराने हात वर केला असेल. "सर, २ ते ५ म्हणजे २, ३, ४, ५. चार ओळी यायला पाहिजेत. तीनच कशा?"

शाब्बास! फूटपट्टी काढा. २ च्या खुणेपासून ५ च्या खुणेपर्यंत रेघ ओढा. लांबी किती? तीन सेंटिमीटर. इथेही तसंच आहे. अंक म्हणजे कात्री कुठे लावायची त्या खुणा. ओळ २ च्या आधी एक काप आणि ओळ ५ च्या आधी दुसरा काप. मध्ये सापडल्या ओळी २, ३ आणि ४.

हे विसरून कुणी [२:४, २:४] असं लिहिलं तर?

९ ८
७ ६

बघा, १० आणि ११ हे दोन्ही पाण्याचे चौकोन गायब! सहाचे चार राहिले. एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर. खरं तळं ५,४०० चौरस मीटरचं, म्हणजे सव्वा एकराहून थोडं जास्त. आपल्या चुकीने ते झालं ३,६००. पाऊस कमी झाला नाही, कुणी पाणी उपसलं नाही, तरी कागदावर तळ्याचा तिसरा हिस्सा आटला! उद्या कुणी या कागदावरून टंचाईचा अहवाल लिहिला, तर तो खोटा ठरेल की नाही?

शेताला असतात, तशा तुकड्यालाही

आता मुख्य गोष्ट. वहीतल्या त्या तळ्याचा पत्ता का हरवला?

घरी आजोबांना विचारा, शेताच्या खरेदीखतात काय काय लिहितात? गाव, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला पांदण, उत्तरेला नाला, दक्षिणेला कोण. चतुःसीमा नसतील तर दोन एकराचा तुकडा नेमका कुठला, हे कोण सांगणार?

कापलेल्या चित्रालाही अशाच चतुःसीमा लागतात. आपण कापलेल्या तुकड्यात ११ हा अंक कुठे आहे? शून्यापासून मोजा. ओळ २, रकाना १. पण मूळ चित्रात तो आहे ओळ ४, रकाना ३ मध्ये. हे कसं कळलं? आपण कापायला सुरुवात ओळ २, रकाना २ पासून केली होती. ते दोन त्यात मिळवायचे. २ + २ = ४ आणि १ + २ = ३. सुरुवातीचे ते दोन अंक जपले, तर तुकडा केव्हाही आपल्या जागी परत बसवता येतो.

उपग्रहाच्या चित्राच्या फाइलमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्याचा पृथ्वीवरचा पत्ता आणि एक पिक्सेल किती मीटरचा, हे लिहिलेलं असतं. अशा फाइलच्या एका प्रकाराला 'जिओटिफ' म्हणतात. चित्र कापलं की कोपरा बदलतो, म्हणून पत्ताही बदलायला हवा. समजा, मोठ्या चित्रातून आपण ओळ २,००० आणि रकाना १,५०० पासून तुकडा कापला आणि पत्ता जुनाच ठेवला. मग काय होईल?

२,००० ओळी गुणिले ३० मीटर म्हणजे ६० किलोमीटर. १,५०० रकाने गुणिले ३० मीटर म्हणजे ४५ किलोमीटर. आठवी-नववीच्या दोस्तांनो, पायथागोरसला बोलवा! ६० चा वर्ग अधिक ४५ चा वर्ग बरोबर ७५ चा वर्ग. तुकडा नकाशावर खऱ्या जागेपासून तब्बल ७५ किलोमीटर दूर जाऊन बसेल. एका जिल्ह्याचं तळं दुसऱ्या जिल्ह्यात!

हसू आलं ना? पण ही हसण्यावारी नेण्याची चूक नाही. २२ जुलै २०२३ हा दिवस आमच्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. मुसळधार पावसात महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला, माणसं अडकली, बचावासाठी हवाई दलाला बोलवावं लागलं. अशा पुरात आभाळ ढगांनी भरलेलं असतं, तेव्हा साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. पण रडारचा उपग्रह ढगांतूनही पाहू शकतो. इस्रोने १४ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेला 'ईओएस-०४' हा तसाच उपग्रह. रडारच्या चित्रात शांत पाणी काळं दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात अशा चित्रांवरून पुराचे नकाशे तयार करतात. नागपूरला आपल्या राज्याचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही आहे. मोठ्या चित्रातून एकेका तालुक्याचा तुकडा कापावाच लागतो. त्या तुकड्याचा पत्ता चुकला तर? पाणी एका तांड्यात आणि नकाशा दाखवणार दुसरंच गाव. मग मदत कुठे जाणार? एवढं मोल आहे त्या दोन अंकांचं!

काठावर आलो तर?

एक गंमत अजून राहिली. तुकडा चित्राच्या काठाबाहेर गेला तर? समजा, आपल्या तक्त्यातून [४:७, ५:८] एवढा भाग हवा आहे. तीन ओळी, तीन रकाने, म्हणजे नऊ अंक. पण ओळ ६ आणि रकाना ७ तर आपल्याकडे नाहीतच! हातात आहेत फक्त चार अंक: ६०, ६२, ६६ आणि ६०.

आकाशातल्या तारे-दीर्घिकांची चित्रं कापायला खगोलशास्त्रज्ञ 'अ‍ॅस्ट्रोपाय' नावाचा पायथनमधला संच वापरतात. त्यात 'कटआउट टू-डी' नावाची कात्री आहे. काठ आला की काय करायचं, हे ती आपल्याला निवडू देते. तिच्याकडे तीन पर्याय आहेत. पहिला: जेवढं आहे तेवढंच दे, तुकडा लहान झाला तरी चालेल. दुसरा: नऊच्या नऊ घरं दे, पण नसलेली घरं 'माहिती नाही' अशी खूण करून ठेव. तिसरा: पूर्ण तुकडा मिळत नसेल तर कापूच नको, सरळ चूक दाखव. शिवाय तुकड्यातली जागा मूळ चित्रात कुठे होती, हेही ही कात्री विचारल्यावर सांगते.

"सर, रिकाम्या घरात शून्य टाकलं तर?" वर्गात एकीने विचारलं. मी तिला म्हटलं, "तू परीक्षेला आली नाहीस आणि मी तुला शून्य गुण दिले तर?" ती म्हणाली, "असं कसं सर? गैरहजर लिवा ना!"

अगदी बरोबर! गैरहजर आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण २० पेक्षा लहान अंकाला पाणी म्हणतो. पाच रिकाम्या घरांत शून्य भरलं, तर संगणक तिथे पाच पिक्सेलचं, म्हणजे ४,५०० चौरस मीटरचं तळं दाखवेल. जे कधी नव्हतंच!

थोडा शेजार ठेवा

शेवटची युक्ती. तुकडा अगदी काठाला चिकटून कापू नका, भोवती थोडी जागा सोडा. शिवणकाम करणारे कापड कापताना शिलाईसाठी थोडं जास्तच सोडतात ना, तसं.

लोणारचंच पाहा. नुसत्या पाण्याचा तुकडा कापला असता, तर कुणीही म्हटलं असतं, "कशावरून पाणी गुलाबी झालं? कॅमेराच बिघडला असेल!" पण तुकड्यात भोवतालची झाडी आणि शेतंही होती. ती काही गुलाबी झाली नव्हती. म्हणजे बदललं होतं ते पाणीच. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं त्यांना आढळलं. नमुना स्थिर ठेवला, तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

हा शेजार पाहायची सवय उपग्रहाबाहेरही कामाची आहे. पालकांनो, हे तुमच्यासाठीही! फोनवर रोज कितीतरी कापलेली चित्रं येतात. पाहिल्याबरोबर पुढे पाठवण्याआधी मुलांसोबत दोन प्रश्न विचारा. हे कशातून कापलं? आणि कापताना बाजूला काय राहिलं?

आमच्या त्या दोन पठ्ठ्यांचं पुढे काय झालं? मी त्यांना चित्राची नवी प्रत दिली. त्यावर त्यांनी पट्टीने चौकटी आखल्या, ओळींना आणि रकान्यांना अंक दिले आणि मगच कात्री चालवली. तळं पुन्हा वहीत चिकटलं. पण या वेळी त्याच्याखाली लिहिलेलं होतं: कोणतं चित्र, कोणत्या तारखेचं, कोणती ओळ, कोणता रकाना. आता वर्गातलं कुणीही ते तळं मोठ्या चित्रात बरोबर दाखवतं.

करून पाहा

संगणक नको, चौकटीची वही पुरे. वर दिलेला तक्ता उतरवून घ्या. एका जाड कागदाला तीन घरं बाय तीन घरं एवढी खिडकी पाडा. ती तक्त्यावर सरकवा आणि सांगा:

१) [१:४, ३:६] हा तुकडा कापला तर कोणते नऊ अंक मिळतील? त्यात पाण्याचे चौकोन किती?
२) त्या तुकड्यात १० हा अंक कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात येतो? मूळ तक्त्यात तो कुठे आहे?
३) एक पिक्सेल ३० मीटरचा असेल, तर तुकड्याचा वरचा डावा कोपरा मूळ चित्राच्या कोपऱ्यापासून किती मीटर पूर्वेला आणि किती मीटर दक्षिणेला?

(उत्तरे: १) ३९, ५७, ६४, ८, ३७, ६१, ६, १०, ५९. पाण्याचे चौकोन तीन. २) तुकड्यात ओळ २, रकाना १, मूळ तक्त्यात ओळ ३, रकाना ४. ३) ९० मीटर पूर्वेला, ३० मीटर दक्षिणेला.)